गणपतीच्या मातीतून घडलेले शिल्पकार : कै. विनायकराव करमरकर

महिला मंडळांच्या प्रदर्शनात बहुधा दोन टेबले मांडलेली असतात. एकावर चित्रे असतात व त्यावर कला अशी पाटी असते. दुसऱ्यावर कशिद्याच्या उशा, क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, लोकरीचे स्वेटर असतात व त्यावर हस्तव्यवसाय अशी पाटी असते. चित्राखाली ते काढणारीचे नाव असते. रुमालाला मात्र किमतीची चिठ्ठी टाचलेली असते. कला आणि कारागिरी यांमधली ही रेघ नेमकी कोठून जाते, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात येऊन गेला असेल. मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर वाद घातले आहेत. ते आपल्या आवाक्यातले नव्हेत. परंतु एका थोर माणसाच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते, म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगते.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे या गावी झाला. हे गाव अलिबागच्या बाजूला, समुद्राकाठी आहे. तेव्हा त्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत, आता रायगड म्हणतात. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या होड्या आणि जाळी, असा तो मुलूख. करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याची परंपरा होती. त्यामुळे पाटी-पेन्सिलीबरोबरच मातीचा गोळाही विनायकाच्या हाती आला.

गणपतीची मूर्ती घडविणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. माती चाळून, भिजवून, कणीक मळतो तशी मळावी लागते. एक खडा राहिला तर वाळताना तेथेच तडा जातो. सोंड, मोदक, आसन हे सारे वाडवडिलांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे करावयाचे. त्यात आपल्या मनाचे फारसे चालत नाही. मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. घरातला ज्याचा हात स्थिर असेल त्यालाच ती करू देतात, कारण डोळे बिघडले की सगळी मूर्ती बिघडली. एवढी मेहनत करून मूर्ती दीड दिवसांनी, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला पाण्यात जाते.

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, पण माती आहे. पोळ्याला मातीचे बैल होतात. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी बसतात, मुली महिनाभर गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात, आणि कोजागिरी झाली की भुलाबाईची बोळवण होते. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना नथ घालताना कोणाच्या हाताने तो चेहरा घडला हे कोणी विचारीत नाही. ज्या वस्तूचा शेवट पाण्यात व्हावयाचा तिच्यावर करणाऱ्याचे नाव घालण्याची रीतच नाही. अशा बिननावाच्या कामातच विनायकाचे बालपण गेले.

त्या काळी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांना कलेची आवड होती. पुढे १९२० साली हिंदुस्थानातील स्त्रियांवर त्यांचे एक पुस्तक निघाले व त्यातील चित्रे आपल्या धुरंधरांनी काढलेली आहेत. या कलेक्टरांच्या नजरेस सासवण्याच्या देवळातील एक भिंतचित्र पडले. घोड्यावर बसलेल्या शिवछत्रपतींचे ते चित्र विनायकाने काढले होते. रॉथफेल्ड यांनी मुलाच्या अंगचा गुण ओळखला आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकावयास पाठविण्याची व्यवस्था केली. कलेक्टरांनी ती भिंत पाहिली नसती तर काय झाले असते? विनायकाने कदाचित जन्मभर सुंदर गणपती केले असते. त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण त्यांचे नाव आज मला या स्मरणिकेत लिहिता आले नसते, एवढे खरे.

ती शाळा १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघाली. तेथे पहिल्यापासून चित्र काढणे आणि हातकाम करणे या दोन्ही गोष्टी शिकवीत. करमरकर जन्मले त्याच साली, म्हणजे १८९१ साली, त्या शाळेत लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा सुरू झाल्या. म्हणजे चित्रकार आणि कारागीर एकाच आवारात शिकत होते. याच शाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली देवळाच्या वाटेने निघालेल्या तरुणीचा पुतळा करून सर्वांना थक्क केले होते. त्यामुळे मराठी मुलगा शिल्पकार होऊ शकतो हे मुंबईला ठाऊक झाले होते.

शाळेत करमरकरांना नवे काय मिळाले? मातीशी त्यांची ओळख जुनीच होती, बोटांनाही वळण होते. नवे होते ते समोरच्या माणसाकडे पाहणे. गणपतीला नमुना म्हणून कोणी समोर बसत नाही. माणसाचा पुतळा करावयाचा तर त्याचे कपाळ, त्याच्या मानेचा झोक, त्याच्या ओठांची ठेवण, सारे त्याचेच यावे लागते. तेथे वाडवडिलांची रीत कामास येत नाही, कारण तो चेहरा पूर्वी कोणी केलेला नसतो. हे पाहण्याचे शिक्षण त्यांनी मन लावून घेतले.

पुढे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या बोलावण्यावरून ते १९१६ साली कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. कलकत्ता हेही मूर्तीचे शहर आहे. तेथील कुमारटुलीत गवताच्या सांगाड्यावर माती चढवून दुर्गेच्या मोठमोठ्या मूर्ती करतात व विजयादशमीस त्या गंगेत विसर्जित करतात. सासवण्याच्या मुलाला ते दृश्य परके वाटले नसेल. १९२० साली करमरकर विलायतेस गेले, तेथील रॉयल अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले आणि ब्राँझ ओतण्याची विद्याही पाहून घेतली.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणजे पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांचा तो संकल्प होता. १९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसली; पण पुढच्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळात काम तडीस गेले. पुतळा साडेतेरा फूट उंच आणि सुमारे आठ टन वजनाचा. मुंबईत माझगाव येथे तो एकसंध ओतण्यात आला आणि १६ जून १९२८ रोजी पुण्यात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर शिवाजी काढणाऱ्या मुलाने सारा महाराष्ट्र पाहावयास येईल असा शिवाजी उभा केला.

येथे एक गोष्ट भगिनींनी ध्यानात घ्यावी. साच्यातून काढलेली वस्तू म्हणजे हलकी, असे आपण समजतो. पण धातूचा पुतळा हाही साच्यातूनच निघतो. आधी लोखंडी सळयांच्या सांगाड्यावर माती चढवून आकृती घडवावयाची, मग तिच्यावरून साचा घ्यावयाचा, आणि अखेर तापून पाण्यासारखा पातळ झालेला धातू त्यात ओतावयाचा. धातू मध्येच थिजला किंवा हवा कोंडली तर कित्येक महिन्यांची मेहनत एका घटकेत जाते. एकसंध ओतावयाचे म्हणजे धोका आणखी मोठा. तेथे भट्टीवाले, साचेवाले, लोहार अशा अनेकांच्या हातांची कारागिरी लागते. तेव्हा साचा असल्याने काम हलके होत नाही. साच्यात उतरलेली आकृती कोणी पाहून, सोसून, पारखून केली, त्यावर सारे अवलंबून आहे. आणि कितीही पाहिले-पारखले तरी हाताला कारागिरी नसेल तर मनातले मनातच राहते.

करमरकरांनी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी, रामकृष्ण परमहंस अशा थोरांचे पुतळे केले. परंतु मला त्यांचे दुसरे काम अधिक जवळचे वाटते. एवढे नाव झाल्यावरही त्यांनी सासवणे सोडले नाही. गावात त्यांनी घर बांधले आणि आसपासची माणसे व जनावरे घडविली. कोळ्यांच्या मुलीला पाहून त्यांनी मत्स्यगंधा केली; म्हैसही केली. यासाठी त्यांनी पुष्कळदा साधे सिमेंट वापरले. संगमरवर राजेरजवाड्यांचा, सिमेंट गवंड्याचे. त्याने पायऱ्या बांधावयाच्या, मोरी लिंपावयाची. तेच सिमेंट त्यांच्या हाती आले आणि त्यात जनावराच्या कातडीचा सैलपणा उतरला. वस्तू कशाची केली यावरून कला ठरत नाही, याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जून १९६७ रोजी ते वारले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पे जपून ठेवलेली आहेत व लोक ती पाहावयास जातात.

आता आपल्या दोन टेबलांकडे वळू. करमरकरांच्या आयुष्यात कारागीर कोठे संपला आणि कलावंत कोठे सुरू झाला हे दाखविता येत नाही. हात तेच, मातीही तीच. तरीही हाताने केलेले सर्वच कला असते असे म्हणणे बरे नव्हे. पुस्तकातला नमुना टाके मोजून जसाच्या तसा उतरविणे ही कारागिरी आहे, आणि ती चोख असेल तर तिचा मान चोख कारागिरीचाच आहे. पण एखादी बाई कपाशीचे फुटलेले बोंड शेतात नीट न्याहाळते, त्याची वाळकी टरफले व त्यांतून डोकावणारा कापूस कोणत्या टाक्याने येईल याचा विचार करते, दोनदा उसवते आणि तिसऱ्यांदा साधते, तेव्हा ती करमरकरांनी म्हैस घडविताना केले तेच करीत असते. मग ते उशीच्या अभ्र्यावर असो की कॅनव्हासवर. चित्राच्या टेबलावरही दुसऱ्या चित्रावरून उतरविलेली चित्रे असतातच. म्हणजे रेघ टेबलांच्या मधून जात नाही, ती दोन्ही टेबलांवरून जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. विनायकाला पारखी भेटला, शाळा मिळाली. आपल्या घराघरांतून किती मुलींच्या बोटांत असा गुण होता आणि तो रांगोळीबरोबर सकाळी पुसला गेला, भुलाबाईबरोबर पाण्यात गेला, याची नोंद कोठेच नाही. त्या मुलींचे काम छंद म्हणून कौतुकाने पाहिले गेले आणि लग्न ठरले की पेटीत बंद झाले. कलेक्टरांची वाट पाहत बसण्याचे आता कारण नाही. पारखणारे डोळे आपल्याच मंडळात आहेत.

म्हणून माझी सुचवणूक अशी की, येत्या प्रदर्शनात टेबल एकच मांडावे. प्रत्येक वस्तूखाली करणारीचे पूर्ण नाव लिहावे, आणि नमुना तिचा स्वतःचा की घेतलेला, हेही प्रामाणिकपणे लिहावे. चोख कारागिरीला एक बक्षीस आणि स्वतःच्या पाहण्याला एक बक्षीस ठेवावे. जिच्या हातात गुण दिसेल त्या मुलीच्या आईवडिलांना मंडळाने आपण होऊन भेटावे आणि चित्रकलेच्या परीक्षांची व पुढील शाळांची माहिती द्यावी. एवढे आपल्या हातून घडले तरी या थोर शिल्पकाराचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.