नादाचा कारागीर : लिओ फेंडर

वाद्याचे नाव निघाले की आपणांस वाजविणारा आठवतो. ज्याने ते घडविले आणि त्याच्या नादातील दोष शोधून काढला, तो कारागीर सहसा कोणास आठवत नाही. मिरजेचे तंबोरे भारतभर गाजले. पण त्यांची जवारी काढणाऱ्या हातांची नावे किती श्रोत्यांस ठाऊक असतील? आमच्या गोव्यात फेस्ताची रात्र असो वा लग्नाचा मांडव, विजेच्या गिटारीचा स्वर कानी पडल्यावाचून राहत नाही. त्या स्वरास आज जे रूप आहे, त्यातील मोठा वाटा अशा एका मनुष्याचा आहे की, ज्यास स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्यांचे नाव क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर. जग त्यांस लिओ फेंडर म्हणून ओळखते. त्यांचे चरित्र आम्ही येथे आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात ॲनाहाइम व फुलरटन ह्या गावांच्या दरम्यान फेंडर कुटुंबाची संत्र्यांची बाग होती. तेथे 10 ऑगस्ट 1909 रोजी लिओंचा जन्म झाला. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाल्यामुळे तो डोळा काढावा लागला व त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. ह्या आघाताने मुलाचे मन खचले नाही. त्यांचे एक आप्त मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालवीत. त्यांनी लिओंस जुन्या सुट्या भागांची एक पेटी व बॅटरी धाडली. पुढे त्यांच्या दुकानास भेट दिली असता, सुट्या भागांतून जुळविलेला एक रेडिओ तेथे मोठ्या आवाजात गाताना लिओंनी ऐकला. त्या आवाजाचा ठसा त्यांच्या मनावर जन्मभर राहिला. शाळकरी वयातच ते घराच्या एका कोपऱ्यात रेडिओ दुरुस्त करू लागले.

तथापि विजेच्या शास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना कधीच लाभले नाही. 1928 साली शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात त्यांनी जो विषय घेतला, तो होता हिशेबनिशी! बर्फाच्या एका कारखान्यात त्यांनी प्रथम माल पोहोचविण्याचे व पुढे हिशेबाचे काम केले. त्यानंतर ते सरकारी रस्तेखात्यात हिशेबनीस झाले. परंतु तो महामंदीचा काळ होता. ती नोकरी गेली. टायरच्या एका कंपनीत दुसरी मिळाली, तीही सहा महिन्यांत सुटली. विवाह होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि हाती काम नव्हते. अशा वेळी 1938 साली त्यांनी 600 डॉलर कर्ज काढले आणि फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दोन नोकऱ्यांनी पाठ फिरविली, तेव्हा बालपणीचा छंदच त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

ह्या दुकानात रेडिओबरोबरच वादकांचे बिघडलेले ध्वनिवर्धक, म्हणजे अँप्लिफायरही येऊ लागले. येथे थोडे थांबून विजेच्या गिटारीची रचना समजून घेऊ. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असून त्याभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. ह्या जोडणीस पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धकातील निर्वात नळ्या त्यास बळ देतात आणि मग कर्ण्यातील कागदाचा पडदा हलून नाद प्रकट होतो. म्हणजे गिटार हे अर्धेच वाद्य होय. उरलेले अर्धे त्या पेटीत असते. साखळीतील एक कडी कच्ची असली तरी उत्तम वादकाचाही स्वर बिघडतो. दुरुस्तीच्या टेबलाशी बसून लिओंनी ही साखळी कडी-कडीने ओळखून घेतली. कोणता भाग वारंवार जळतो, कोणता सांधा सुटतो, हे त्यांना पुस्तकांपेक्षा बिघडलेल्या यंत्रांनीच अधिक शिकविले.

1945 च्या सुमारास डॉक कॉफमन ह्या स्नेह्यासमवेत ते मांडीवर ठेवून वाजविण्याच्या हवाई गिटारी व त्यांचे ध्वनिवर्धक तयार करू लागले. कॉफमन लवकरच बाजूस झाले व 1946 साली लिओंनी स्वतःची कंपनी काढली. त्या काळच्या पोकळ गिटारींत एक मोठा दोष होता. आवाज वाढविला की कर्ण्यातील नाद गिटारीचे पोट हलवी, ती थरथर पुन्हा पिकअपमध्ये शिरे आणि कर्कश शीळ सुरू होई. सभेत ध्वनिक्षेपक किंचाळतो, तोच हा प्रकार. लिओंनी गिटारीचे पोटच भरीव लाकडाचे केले. मान डिंकाने न चिकटविता स्क्रूंनी बसविली. हेतू हा की, बिघडल्यास रेडिओच्या भागाप्रमाणे ती बदलता यावी. 1950 साली निघालेल्या ह्या गिटारीचे आरंभीचे ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळत असल्याने सोडावे लागले. तेव्हा छापून ठेवलेल्या पट्ट्यांवरील तेवढे नाव कात्रीने कापून काही काळ बिननावाच्याच गिटारी विकल्या गेल्या! 1951 साली तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले, ते आजतागायत आहे. त्याच वर्षी त्यांनी विजेची बास गिटार बाजारात आणली. मनुष्याहून उंच अशा जुन्या बास वाद्याचा भार वाहणाऱ्या वादकांची त्यामुळे मोठीच सोय झाली.

लिओंची कार्यपद्धती लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवे वाद्य वा नवा ध्वनिवर्धक तयार झाला की तो ते गावातील वादकांच्या हाती देत आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घेत. गिटारीच्या धारदार कडा बरगड्यांस टोचतात, असे वादकांचे गाऱ्हाणे येताच पुढील गिटारीस शरीराच्या वळणाचा आकार मिळाला. तीच 1954 ची प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर. तिच्यात तीन पिकअप असून ते निवडण्यासाठी तीन जागांची कळ होती. वादकांनी ती कळ दोन जागांच्या मधोमध अडकवून पाहिली, तो एक निराळाच गोड स्वर निघाला! पुढे 1977 पासून कंपनीने पाच जागांची कळच बसविली. स्वतःस वाजविता येत नसल्यामुळे आपणांस सर्व कळते, हा अहंकार लिओंस शिवला नाही. जे हातांस साधत नव्हते, ते त्यांनी कानांनी मिळविले.

ध्वनिवर्धकांच्या बाबतीत स्वच्छ, निर्मळ नाद हे त्यांचे ध्येय होते. डिक डेल नावाचा तरुण वादक इतक्या जोराने वाजवी की कर्णे टिकत नसत. लिओंनी त्यास दोष न देता अधिक शक्तीचे ध्वनिवर्धक व 15 इंची मजबूत कर्णे योजले. 1961 साली त्यांनी एक स्वतंत्र पेटी काढली. तीत नादाची लहर लोखंडी स्प्रिंगांतून धाडली जाई व मोठ्या दालनात घुमल्याचा भास उत्पन्न होई. गिटार आणि ध्वनिवर्धक ह्यांच्या मध्ये बसून स्वराचे रूप पालटणाऱ्या ज्या पेट्या आज वादकांच्या पायांशी दिसतात, त्यांची ती वडील बहीणच म्हणावी.

परंतु नादाची कथा येथे एक विलक्षण वळण घेते. निर्वात नळीस तिच्या शक्तीबाहेर काम दिले की लहरीचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळून तो गुरगुरू लागतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होय. वादकांस मात्र त्यातच माधुर्य सापडले. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून तारेस जी गुंजारवाची जवारी मिळते, तीही उपस्वरांचीच किमया नव्हे काय? लिओंचा बासमन नावाचा ध्वनिवर्धक समोर ठेवून लंडनमधील जिम मार्शल ह्यांच्या दुकानात 1962 साली नवा ध्वनिवर्धक तयार झाला. अमेरिकेत नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रातील बिघाडाने स्वर फाटला, तो लोकांस आवडला, आणि 1962 साली तोच फाटका स्वर मुद्दाम काढणारे फझ नावाचे पेडल विक्रीस आले. पुढे जिमी हेंड्रिक्स ह्या वादकाने लिओंची स्ट्रॅटोकास्टर, मार्शलचे ध्वनिवर्धक आणि अशी पेडले ह्यांच्या संयोगाने नादाचे एक नवे विश्वच उभे केले. लिओंनी जो दोष घालविण्यासाठी परिश्रम केले, तोच दुसऱ्यांच्या हाती अलंकार ठरला. निर्मात्याने केलेल्या वस्तूचा अंतिम अर्थ निर्मात्याच्या हाती नसतो, हेच ह्यावरून दिसते.

मात्र पेडलांची रांग मांडली म्हणजे स्वर सुधारला, असा समज आमच्या हौशी विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. तारा जुन्या असतील, केबल सैल असेल, तर कोणतीही पेटी त्यांचा दोष झाकणार नाही. आधी केवळ गिटार व ध्वनिवर्धक जोडून मंद्र, मध्य व तार स्वरांचे प्रमाण कानाने जुळवावे. मग एकेक पेडल जोडून काय पालटले ते ऐकावे. दुरुस्ती करणाराची हीच रीत आहे.

लिओंच्या उत्तरायुष्यात एक कठीण प्रसंग आला. घशा-नाकाच्या चिवट जंतुदोषाने ते वर्षानुवर्षे जर्जर झाले आणि आपण फार काळ जगणार नाही, असे त्यांस वाटू लागले. अखेर जानेवारी 1965 मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएस ह्या मोठ्या संस्थेस 1 कोटी 30 लक्ष डॉलरांस विकली. दैवगती अशी की, पुढे दुसऱ्या वैद्यांच्या उपचारांनी तो आजार बरा झाला! प्रकृती परतली, पण स्वतःचे नाव धारण करणारा कारखाना परका झाला होता. करारामुळे दहा वर्षे त्यांना त्याच धंद्यात स्पर्धाही करता येत नव्हती. वादक मात्र विक्रीपूर्वीच्या काळातील वाद्ये शोधून शोधून घेऊ लागले. धन विपुल होते. स्वस्थ बसून उर्वरित आयुष्य सुखात घालविणे कठीण नव्हते. पण तसे ते बसले नाहीत. मुदत संपल्यावर 1975 साली ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1979 साली जुने सहकारी जॉर्ज फुलरटन ह्यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही नवी कंपनी काढली. त्याच वर्षी पत्नी एस्थर ह्यांचे निधन झाले. पुढे कंपवाताने हात थरथरू लागले, तरी ते नित्य कारखान्यात येत व पिकअपांवर प्रयोग करीत. 21 मार्च 1991 रोजी फुलरटन येथे त्यांची प्राणज्योत मालवली. आदल्या दिवसापर्यंत ते कामावर होते, असे सांगतात.

एक डोळा गेला, नोकऱ्या गेल्या, स्वतःच्या नावाची कंपनीही हातची गेली. परंतु ऐकण्याची व दुरुस्त करण्याची आवड गेली नाही. पुढील खेपेस एखाद्या मांडवात गिटारीची तार झणकारेल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी वाजविणाऱ्यास अवश्य दाद द्यावी. आणि मागे ठेवलेल्या त्या काळ्या पेटीकडेही एकवार पाहावे. तिच्यामागे कोणा कारागिराने वर्षानुवर्षे लावलेला कान आहे.