मुक्त झालेल्यांचे भय

दास्यातून सुटलेले इस्राएल लोक अरण्यात मिसर देशातील मांसाच्या भांड्यांसाठी कुरकुरले, हे आपणांस ठाऊक आहे. सुटका झालेला मनुष्य मागे का वळतो? हाच प्रश्न एरिक फ्रॉम यांना आयुष्यभर सतावीत राहिला.

१९०० साली फ्रँकफर्ट येथील धर्मनिष्ठ यहूदी घराण्यात ते जन्मले. तरुणपणी तालमूद शिकले. पुढे धर्माचार सुटला, पण संदेष्ट्यांची ओढ सुटली नाही. १९२९ मध्ये त्यांनी जर्मन कामगारांची पाहणी आरंभिली, तेव्हा डाव्या पक्षांच्या कित्येक समर्थकांच्याही अंगी हुकमतीपुढे नमण्याची वृत्ती आढळली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. १९३४ मध्ये फ्रॉम न्यूयॉर्कला गेले.

समाज आपल्या गरजेप्रमाणे माणसाचा स्वभाव घडवितो, असे ते मानीत. जुनी बंधने तुटली की मनुष्य एकाकी पडतो आणि भयापोटी नवा धनी शोधतो, हे त्यांनी १९४१ च्या ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’ या ग्रंथात मांडिले. मनुष्य सर्वस्वी असमर्थ आहे, या ल्यूथर व कॅल्विन यांच्या शिकवणीने त्या शरणागतीची वाट सुकर केली, असा ठपकाही ठेविला. ते प्रकरण वाचताना मी दुखावलो. सारे मला पटलेही नाही. परंतु पुस्तक मिटवले नाही.

स्वतःस आस्तिक न म्हणविणाऱ्या या विद्वानाने १९६६ मध्ये जुन्या करारावरच ग्रंथ लिहिला. १८ मार्च १९८० रोजी, ऐंशी वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असता, स्वित्झर्लंडमध्ये ते निवर्तले.