डॉ. होप-सिम्पसन : नागिणीचे मूळ शोधणारा गावचा डॉक्टर

वैद्यकशास्त्रातील मोठे शोध मोठ्या प्रयोगशाळांतच लागतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडमधील एका लहानशा गावात आयुष्यभर सामान्य रुग्ण तपासणाऱ्या डॉ. रॉबर्ट एडगर होप-सिम्पसन यांचे चरित्र या समजाला छेद देणारे आहे. ज्या विकाराला आपण नागीण म्हणतो, तो प्रामुख्याने उतारवयातच माणसाला का गाठतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या दवाखान्यातील नोंदींतून शोधून काढले.

होप-सिम्पसन यांचा जन्म १९०८ सालचा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेऊन त्यांनी डॉर्सेट परगण्यात वैद्यकीय व्यवसायास प्रारंभ केला. तेथेच १९३२-३३ च्या हिवाळ्यातील फ्लूची साथ त्यांनी पाहिली आणि साथीच्या रोगांविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात कायमचे रुजले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ग्लॉस्टरशायरमधील सायरनसेस्टर या गावी स्थायिक झाले. तेथे रुग्णसेवेच्या जोडीलाच त्यांनी एक छोटे संशोधन केंद्र चालविले. गोवर, कांजिण्या आणि गालगुंड हे रोग एका घरातील माणसांत कसे पसरतात, याविषयीचा त्यांचा अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तो प्रमाण मानला जातो.

नागीण आणि कांजिण्या यांचे काही नाते असावे, ही शंका जुनीच होती. नागीण झालेल्या माणसाच्या सहवासातील मुलांना कांजिण्या येतात, हे हंगेरीतील बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले होते. दोन्ही रोगांचा विषाणू एकच असल्याचे अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. परंतु नागीण होते ती बाहेरून नव्याने लागण झाल्यामुळे, की शरीरातच दडून बसलेल्या विषाणूमुळे, हा वाद मिटलेला नव्हता.

या वादाचा निकाल लावण्यासाठी होप-सिम्पसन यांनी घाई केली नाही. सुमारे साडेतीन हजार लोकवस्तीतील नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची त्यांनी १९४७ पासून सलग १६ वर्षे नोंद ठेवली. असे १९२ रुग्ण आढळले. कांजिण्यांच्या साथी येत आणि ओसरत. नागिणीचे रुग्ण मात्र कोणत्याही ऋतूत, साथ असो वा नसो, सारख्याच संथ गतीने येत राहिले. दहा वर्षांखालील मुलांत वर्षाला हजारी एकही रुग्ण नव्हता. पन्नाशीनंतर हे प्रमाण हजारी पाचच्या घरात गेले आणि ऐंशीनंतर दहावर पोहोचले. पंच्याऐंशी वर्षे जगणाऱ्यांपैकी निम्म्यांना आयुष्यात एकदा तरी नागीण होईल, असा त्यांचा हिशेब होता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी येल या विरळ वस्तीच्या बेटावरही त्यांनी या दोन रोगांचा माग काढला.

त्यांचा निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाला. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो मज्जारज्जूलगतच्या संवेदी मज्जातंतूंच्या गाठींत सुप्तावस्थेत राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. वयोमानाने ही शक्ती एका मर्यादेखाली घसरली, की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत उतरतो. वेदना आधी आणि पुरळ मागाहून, तेही शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे, असे का होते, याचा उलगडाही यातूनच झाला. पुढे १९८० च्या दशकात मज्जातंतूंच्या गाठींत या विषाणूची जनुकीय द्रव्ये सापडली आणि गावच्या डॉक्टरचा तर्क खरा ठरला.

पुरळ गेल्यानंतरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या वेदनेवर त्यांनी १९७५ साली स्वतंत्र लेख लिहिला. वय जितके अधिक, तितकी ही वेदना रेंगाळण्याची शक्यता अधिक, हे त्यांच्या नोंदींतून दिसले. अंगाला कपडा लागला तरी असह्य व्हावे, झोप उडावी, अशी ही वेदना वृद्धांना खचवून टाकते. कपाळावर व डोळ्याभोवती उठलेली नागीण तर दृष्टीवरही बेतू शकते.

आपल्याकडे नागिणीचा विळखा पूर्ण होऊन तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत आहे. तिच्यापायी गेरूचे लेप आणि मंत्रतंत्र यांत मोलाचे दिवस जातात. पुरळ एकाच बाजूच्या मज्जातंतूला धरून उठत असल्याने असा विळखा सहसा पडतच नाही आणि मृत्यूचा त्याच्याशी संबंध नाही. विषाणूरोधक औषधे मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली, तरच त्यांचा उत्तम उपयोग होतो. पन्नाशी ओलांडलेले, कर्करोगावर उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले, एचआयव्हीबाधित आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांना धोका सर्वाधिक असतो. नागीण झालेल्या आजीकडून नातवाला नागीण लागत नाही. परंतु फोडांतील द्रवाच्या संपर्काने, कांजिण्या न झालेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवणे आणि तान्ह्या मुलांना व गर्भवतींना दूर ठेवणे इष्ट.

होप-सिम्पसन फ्लूच्या कोड्यावर अखेरपर्यंत काम करीत राहिले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि २००३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, २००६ मध्ये, नागिणीवरील पहिल्या लशीला अमेरिकेत मान्यता मिळाली. अधिक प्रभावी अशी नवी लस २०२३ पासून भारतातही पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी उपलब्ध झाली आहे. घसरलेल्या प्रतिकारशक्तीला पुन्हा उभारी द्यावी, हे या लशींमागील तत्त्व होप-सिम्पसन यांच्या १९६५ च्या सिद्धांताशीच जुळणारे आहे. घरातील वडीलधाऱ्यांसाठी ही लस योग्य आहे काय, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.