रापी खाली न ठेवणारे संत रोहिदास

उपासक-उपासिकांनो, संत रोहिदासांचं नाव आपल्या वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कष्टाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

पंधराव्या शतकात काशीजवळ चर्मकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. सीर गोवर्धनपूर हे त्यांचं जन्मगाव मानतात. अनवाणी साधू दिसला की हा पोरगा जोडा फुकट देऊन टाकी. शेवटी वैतागून बापानं त्याला वेगळं काढलं, असं परंपरा सांगते. घराच्या मागं एक झोपडी, हातात आरी आणि रापी, कातडं भिजवायला काथवट, एवढ्यावर त्यांनी आपला धंदा उभा केला.

त्या काळी क्रोमचं चामडं नव्हतं. चुन्यात भिजवून केस काढायचे, बाभळीची साल नि हिरड्याच्या पाण्यात कातडं मुरवायचं, मग तेल चोळून मऊ करायचं. महिना-महिना चालणारं काम. जोडा सगळ्यांना हवा, पण करणारा दाराबाहेर!

एका साधूनं त्यांना परीस दिला, रापी सोन्याची करून दाखवली. त्यांनी तो छपरात खोचून ठेवला, हात लावला नाही. चमत्कार आपण बाजूला ठेवू. कष्टाची भाकर त्यांना सोन्याहून मोठी वाटली, एवढं घेऊ.

आपल्या जातीचे लोक काशीभोवती मेलेली ढोरं ओढतात, हे त्यांनी पदांतून उघड सांगितलं. लपवलं नाही. दुःख नाही, कर नाही, कुणी खालचा नाही, अशा बेगमपुऱ्याचं स्वप्न त्यांनी पाहिलं. त्यांची 40 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

कुणी विचारील, महाडला 1927 साली बाबासाहेबांनी ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, मग रोहिदासांचं कसं? बाबासाहेबांनी मोडली ती गावकीची सक्ती. हातातलं कसब नव्हे. 1948 साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी नंदनार, रोहिदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

पेठच्या बाजारात चप्पल शिवायला देताना समोरच्याला अरे-तुरे करू नका. दाम रोख द्या. पोरांनाही तेच शिकवा. हीच रोहिदासांना खरी आदरांजली.

नमो बुद्धाय! जय भीम!