माता रमाई : ओढगस्तीच्या संसारातील विवेक

वसतिगृह चालविणाऱ्यांपुढे महिनाअखेरीस जो प्रश्न उभा राहतो, तो मुळात घरातल्या गृहिणीचा प्रश्न आहे. हाती असलेला पैसा पुरणार नाही हे दिसू लागले, की कोणत्या खर्चाला कात्री लावावी? तेल कमी करावे की डाळ? नवी अंथरुणे पुढच्या वर्षावर ढकलावीत की ग्रंथालयाची पुस्तके? या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे असा विचार सुरू झाला, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती परळच्या एका चाळीतील दोन खोल्यांत हाच प्रश्न वर्षानुवर्षे सोडवीत राहिलेली स्त्री. माता रमाबाई भीमराव आंबेडकर यांचे जीवन त्यागाच्या अंगाने पुष्कळदा सांगितले गेले आहे. आम्ही ते हिशेबाच्या अंगाने पाहू इच्छितो. त्याग या शब्दाने आदर व्यक्त होतो, परंतु त्यामागे रोज घ्यावे लागलेले निर्णय त्या शब्दाआड झाकून जातात.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद या गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि पोरक्या भावंडांना नातलगांनी मुंबईस आणले. १९०६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह भीमरावांशी झाला. भायखळ्याचा बाजार दिवसभराचे व्यवहार आटोपून उठल्यावर रात्री तेथेच हे लग्न लागले. संसाराची सुरुवातच अशी होती, की मांडवाचा खर्चसुद्धा परवडणारा नव्हता.

पुढे हे कुटुंब परळच्या पोयबावडी भागातील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत राहावयास आले. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या हे त्यांचे घर. फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे सुभेदार रामजी निवर्तले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. रमाबाईंचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते आणि कडेवर वर्षही न झालेला यशवंत होता. चार वर्षांनी, ऑगस्ट १९१७ मध्ये, पती परत आले. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले होते. त्या सामानाच्या भरपाईपोटी मिळालेल्या ६०० रुपयांतून काही रक्कम घरखर्चासाठी रमाबाईंच्या हाती देऊन भीमराव नोकरीवर बडोद्यास गेले. तेथे जातीमुळे राहावयास जागा मिळाली नाही आणि अल्पावधीतच त्यांना परतावे लागले. म्हणजे ज्या पगाराच्या भरवशावर घराची घडी बसावयाची, तो पगारच नाहीसा झाला. दरम्यान मोठे दीर वारल्यामुळे जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांचाही भार याच चुलीवर होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉक्टर आंबेडकरांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन मासिक ४५० रुपये. परळच्या गिरणगावात ही रक्कम फार मोठी होती. महायुद्धाने धान्य आणि कापड यांचे भाव चढले होते, इन्फ्लुएंझाने घरोघरी माणसे नेली होती आणि १९१९ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता. अशा काळात इतके वेतन मिळविणाऱ्या माणसाने चाळ सोडली असती, चार भांडी, चार लुगडी वाढली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु हे घर त्याच दोन खोल्यांत राहिले. डॉक्टरसाहेब ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देत आणि उरलेली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाजूला ठेवीत. मिळालेल्या पैशाच्या रमाई तीस पुड्या बांधीत आणि रोज एकच पुडी सोडीत, असे आमच्या वस्त्यांतील जुनी माणसे सांगत आली आहेत. गृहव्यवस्थेचे इतके सोपे आणि इतके कठोर शास्त्र दुसरे नसेल. आजची पुडी संपली तर उद्याच्या पुडीला हात लावावयाचा नाही, एवढाच नियम. पण तो पाळणाऱ्याला मधल्या वारी आलेला पाहुणा, मुलाचा ताप आणि फाटलेले लुगडे या साऱ्यांशी रोज झगडावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने या शहरातील कष्टकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत असे दिसून आले, की कुटुंबाचा निम्म्याहून अधिक खर्च केवळ अन्नावर होतो, बहुतेक सारी कुटुंबे एका खोलीत राहतात आणि जवळजवळ निम्मी कर्जात बुडालेली आहेत. अशा जमाखर्चात काटकसर करावयाची म्हणजे काय करावयाचे? खोलीचे भाडे हलत नाही. कर्जाचे व्याज थांबत नाही. चैन मुळातच नसते. उरते ते अन्न, वस्त्र, जळण, औषध आणि मुलांचे शिक्षण. यांतल्या एकाला कात्री लावल्यावाचून महिना पार पडत नाही आणि कोणालाही लावली तरी ती माणसाच्या अंगावरच चालते. रमाबाईंचे घर या पाहणीत मोजले गेले असो वा नसो, १९२० नंतर ते याच घरांच्या रांगेत येऊन बसले.

कारण जुलै १९२० मध्ये डॉक्टरसाहेब पुन्हा लंडनला गेले. छत्रपती शाहू महाराजांचे साह्य, नवल भथेना या पारशी स्नेह्याने दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज आणि स्वतःची शिल्लक एवढ्या बळावर हा प्रवास होता. तिकडे ते अर्धपोटी राहून अभ्यास करीत होते आणि इकडे पुड्या लहान होत चालल्या होत्या. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून रमाबाईंना लिहिलेले पत्र या संसाराचा ताळेबंदच आहे. गंगाधरच्या आजाराचे कळून दुःख झाले, स्वतःचीच अन्नाची भ्रांत असल्याने पाठविण्यास जवळ काही नाही, तरीही काही तजवीज करतो आहे, तोवर पैसे संपलेच तर अंगावरचे दागिने मोडून गुजराण करावी, परत आल्यावर नवे करून देईन, असा त्याचा आशय. त्याच पत्रात रमाबाईंचे लिहिणे-वाचणे चालू असल्याबद्दल आनंद आहे आणि यशवंत व मुकुंद यांच्या अभ्यासाविषयी काही कळविले नाही अशी तक्रारवजा चौकशीही आहे.

या पत्राकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. घरात मूल आजारी, पेटी रिकामी, आणि तरीही नवरा-बायकोच्या पत्रव्यवहारात मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न मागे पडलेला नाही. कोणता खर्च तोडावयाचा याची क्रमवारी येथे स्पष्ट होते. आधी दागिना, मग दुसरे काही. पण शिकणे तोडावयाचे नाही. पतीचे नाही, मुलांचे नाही, आणि जमेल तितके स्वतःचेही नाही.

जळणाच्या खर्चाचे एक वैशिष्ट्य आहे. धान्य घाम गाळून घरात बनविता येत नाही, मात्र जळण गोळा करता येते. म्हणून पैसा संपला की गरीब घरची स्त्री टोपली उचलते. पती परदेशाहून परतल्यानंतरच्या विपन्नावस्थेत रमाबाईंनी शेणाचे भारे डोक्यावरून वाहून आणले. ही केवळ दंतकथा नव्हे. स्वतः बाबासाहेबांनी १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये याची कृतज्ञ कबुली दिली आहे आणि अशा पत्नीच्या सहवासात दिवसाकाठी अर्धा तासही घालविता येत नाही अशी खंत नोंदविली आहे. परदेशी विद्यापीठाची पदवी घेऊन आलेल्या माणसाच्या पत्नीने शेणाची टोपली उचलावी, याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटेल याचा विचार पुष्कळ घरांत आधी होतो. ओढगस्तीच्या काळात कित्येक कुटुंबे पोटाला चिमटा काढतात, पण लोकांच्या दृष्टीस पडणारा खर्च सोडीत नाहीत. रमाबाईंनी सर्वांत आधी तोडला तो हाच, प्रतिष्ठेचा खर्च.

परंतु केवळ गौरव करून थांबणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. या काटकसरीची किंमत होती आणि ती फार जबर होती. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न या पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत वाचला. लाडका राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला. त्यानंतर बाबासाहेबांनी स्नेह्याला लिहिलेल्या पत्रातून, तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड करावी लागलेल्या बापाचा शोक उमटला आहे. चाळीतील कोंदट हवा, अपुरे अन्न आणि वेळेवर न परवडणारे उपचार यांनी त्या काळी गिरणगावातल्या घराघरांतून मुले ओढून नेली. त्यांतून हे घर सुटले नाही. रमाबाईंचे स्वतःचे शरीरही झिजत गेले. घरात कात्री जिच्या हाती असते, ती पहिला काप स्वतःच्या ताटातून काढते. आणि घरातल्या इतरांना तो काप बहुधा दिसतच नाही. आमच्या प्रत्येक घरात ही गोष्ट आजही घडते आहे. रमाईंच्या नावाने आम्ही जयजयकार करतो, तेव्हा आपल्या घरातल्या बाईच्या ताटात आज काय वाढले गेले हे पाहण्याचे धैर्य आम्हांला व्हावयास हवे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला संसाराची रीत समजावून सांगितली आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन उद्यमात घालावेत आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखावा, असा तो उपदेश. दुसऱ्या एका सुत्तात, तराजू धरणाऱ्याने पारडी न्याहाळावीत त्याप्रमाणे गृहस्थाने आपली आवक आणि खर्च जाणून जगावे, असे सांगून या गुणाला समजीविता असे नाव दिले आहे. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. १९५६ ची धम्मदीक्षा त्यांनी पाहिली नाही आणि विठ्ठलदर्शनाची आस त्यांच्या मनात होती, हेही आम्ही जाणतो. तेव्हा त्यांच्या वागण्यावर सुत्तांचा शिक्का मारण्याचा आमचा हेतू नाही. तरीही परळच्या त्या खोल्यांतील हिशेब पाहिला, की मन थक्क होते. उपभोगाचा एक भागसुद्धा जेथे पुरत नव्हता, तेथे या गृहिणीने उद्यमाचे दोन भाग मोडू दिले नाहीत. हा उद्यम म्हणजे विद्या. सावकाराचे भांडवल वर्षाअखेर मोजता येते. या भांडवलाचे व्याज एका समाजाच्या पदरात पडले.

याच विवेकाचा दुसरा पैलू धारवाडच्या वसतिगृहातील प्रसंगात दिसतो. आमच्यासारख्या निवासी शाळेतील प्रत्येक मुलाला तो ठाऊक असावा. बळवंतराव वराळे हे तेथील वसतिगृह सांभाळीत. रमाबाई काही दिवस तेथे मुक्कामास असताना, रोज अंगणात खेळणारी मुले एकाएकी दिसेनाशी झाली. चौकशी करता कळले, की अनुदानाचा पैसा अजून आलेला नाही, कोठीतले धान्य संपले आहे आणि मुले उपाशी आहेत. रमाबाई आत गेल्या आणि आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या वराळ्यांच्या स्वाधीन करून, त्या गहाण टाकून मुलांच्या जेवणाची सोय करावयास सांगितले. मुले जेवली. त्या मुलांची त्या रमाई झाल्या, असा हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. स्वतःच्या घरी ज्या हाताने कणीकोंड्याचा हिशेब केला, त्याच हाताने परक्या मुलांसाठी हिशेब बाजूला सारला. काटकसर आणि कंजुषी यांतला भेद याहून स्पष्ट करून दाखविता येणार नाही. कंजूष माणूस पैसा राखतो, आणि रमाईंनी पैसा राखला तो माणसांसाठी.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. पुस्तकांसाठी बांधलेले ते घर. त्या घरातील सुख रमाबाईंच्या वाट्याला फार थोडे आले. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. वय अवघे सदतीस वर्षांचे. १९४० साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या अंतःकरणाच्या चांगुलपणाबरोबरच, मित्र नसलेल्या आणि टंचाईच्या दिवसांत त्यांनी शांतपणे सोबत दुःख सोसले, याचाही कृतज्ञ उल्लेख आहे. देशोदेशींच्या अर्थशास्त्राचा अभ्यास केलेल्या विद्वानाने आपल्या घरातील अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या स्त्रीला दिलेली ही पावती आहे.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन झाले. त्यापूर्वीच ठिकठिकाणी वसतिगृहे उभी राहिली होती. आमचीही शाळा त्याच प्रवाहातला एक थेंब आहे. येथील मुले ज्या ताटावर बसतात, त्या ताटाची मुळे शोधीत गेलो तर आम्ही पोयबावडीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर, बांधून ठेवलेल्या पुड्यांपाशी पोहोचतो.

म्हणून या वर्षी आमच्या व्यवस्थापनाची बैठक खर्चाची यादी घेऊन बसेल, तेव्हा आम्ही रमाईंचा क्रम समोर ठेवणार आहोत. देखाव्याचा खर्च पहिला जाईल. मोठ्यांच्या सोयी दुसऱ्या जातील. मुलांचे ताट आणि मुलांचे पुस्तक यांना हात लावण्यापूर्वी आम्ही आधी स्वतःच्या हाताकडे पाहू, की त्यात अजून एखादी बांगडी शिल्लक आहे काय.

माता रमाईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.