तिसऱ्या उमेदवाराची मते

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत डॉ. चिंतामणराव देशमुख मागे पडणार, हे मतदानापूर्वीच दिसत होते. खरी लढत वराहगिरी गिरी व नीलम संजीव रेड्डी यांच्यात होती. मग स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या या उमेदवाराला मत देणे व्यर्थ नव्हे काय, हा प्रश्न साहजिकच होता.

परंतु केवळ जयापजयाचा हिशेब देशमुखांनी कधी मांडलाच नव्हता. महाडनजीकच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाण्याचे दिसताच १९५६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा वाहिली.

मोजणीत १,१२,७६९ मतमूल्य मिळवून ते तिसरे आले. मात्र पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजल्यानंतरच गिरी विजयी ठरले. त्या मतदारमंडळात परभणी जिल्ह्याचे आमदारही होते.

लोकसभा-विधानसभेच्या मतपत्रिकेवर आपल्याला दुसरी पसंती नसते. म्हणूनच तेथे मागे पडलेल्या, पण लायक माणसाला मत देण्यास धैर्य अधिक लागते. ते मात्र व्यर्थ म्हणू नये.