जप्त न झालेली ठेव

१९४७ सालचा हिवाळा इंग्लंडात फार कडाक्याचा होता. महायुद्ध जिंकून दोन वर्षं होत आली, तरी रेशन सुटलं नव्हतं. युद्धाच्या काळात मोकळा मिळणारा पावसुद्धा १९४६ च्या जुलैपासून रेशनवर आला होता. रॉस-ऑन-वाय या गावातल्या हॉटेलात उतरलेली तेहतीस वर्षांची एक बाई रोज समोर येणारं पिठाचं पाणचट सूप आणि सुकवलेल्या कांद्या-गाजरांचं कालवण पाहून इतकी वैतागली, की तिनं कागद ओढला आणि भूमध्य समुद्राकाठी खाल्लेले पदार्थ एकामागून एक लिहून काढायला बसली. ऑलिव्हचं तेल, लसूण, लिंबं, उन्हात पिकलेली फळं. त्या देशात त्या दिवसांत हे शब्द जवळजवळ अश्लील वाटावेत असे होते. त्या कागदांतूनच पुढं एक पुस्तक झालं आणि त्या पुस्तकानं इंग्रजांचं स्वयंपाकघर बदललं.

ही बाई म्हणजे एलिझाबेथ डेव्हिड. जन्म २६ डिसेंबर १९१३, ससेक्समधल्या खानदानी घराण्यात. वडील पार्लमेंटचे सभासद; ते १९२४ साली वारले. घरी नोकरचाकर होते, पण मुलांच्या ताटात पडायचं ते उकडलेलं आणि बेचव. सोळा-सतराव्या वर्षी ती पॅरिसला सोर्बोनमध्ये शिकायला गेली आणि एका फ्रेंच कुटुंबात राहिली. तिथं विद्या किती पदरात पडली कोण जाणे, पण जेवण ही विचार करण्याजोगी गोष्ट असते, हे तिला तिथं प्रथम कळलं. परत आल्यावर ती नाटकात शिरली. तिथं चार्ल्स गिब्सन कोवन हा विवाहित नट भेटला. दोघांनी मिळून एक बोट घेतली आणि १९३९ च्या जुलैत, युद्ध उंबरठ्याशी आलेलं असताना, फ्रान्सच्या कालव्यांतून दक्षिणेकडे निघाले.

आँतिबला त्यांचा मुक्काम लांबला. तिथं सत्तरी ओलांडलेला लेखक नॉर्मन डग्लस तिला भेटला. मिळेल ते मुकाट्यानं गिळू नये, चांगलं काय ते ओळखावं आणि त्याचाच आग्रह धरावा, हे ती त्याच्याकडून शिकली. १९४० च्या जूनमध्ये बोट सिसिलीच्या मेसिना बंदराला लागली आणि त्याच सुमारास इटली युद्धात उतरली. हेरगिरीच्या संशयावरून दोघांना अटक झाली. बोट जप्त झाली, आणि तिच्याबरोबर पैसे, कागदपत्रं आणि एलिझाबेथनं जमवलेल्या पाककृतींच्या वह्याही गेल्या.

बँकेत असताना जप्तीचे कागद मी पाहिले आहेत. त्यात भांड्याकुंड्यांची यादी असते, आठवणींची नसते.

सुटकेनंतर दोघं ग्रीसला पोहोचले आणि सिरोस बेटावर राहिले. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा क्रीटमार्गे इजिप्तला पळावं लागलं. कोवनशी संबंध संपला. कैरोत तिला सरकारी माहिती खात्याच्या संदर्भ-ग्रंथालयाचं काम मिळालं आणि घरी सुलेमान नावाचा सुदानी स्वयंपाकी. दोन प्रायमस आणि एक पत्र्याची भट्टी एवढ्या सरंजामावर हा माणूस मेजवान्या उठवी. १९४४ साली तिनं टोनी डेव्हिड या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि १९४६ च्या आरंभी त्याच्यामागोमाग ती नव्या दिल्लीत आली. साहेबी संसारात तिचं मन रमलं नाही. सायनसच्या दुखण्यानं बेजार होऊन काही महिन्यांतच ती मायदेशी परतली, ती थेट त्या रेशनच्या हिवाळ्यात.

'अ बुक ऑफ मेडिटरेनियन फूड' १९५० साली निघालं. आधी काही प्रकाशकांनी ते नाकारलं होतं. जॉन लेमननं शंभर पौंड आगाऊ देऊन ते घेतलं. त्यातले निम्मेअधिक जिन्नस बाजारात मिळत नव्हते. ऑलिव्हचं तेल औषधांच्या दुकानात, कानात घालायला म्हणून, छोट्या बाटलीत मिळे. तरी लोकांनी पुस्तक घेतलं. रेशन पुरतं उठायला १९५४ साल उजाडलं. तोवर फ्रान्सच्या खेड्यांवरचं तिचं पुस्तक येऊन गेलं होतं, आणि त्याच वर्षी इटलीत अनेक महिने हिंडून लिहिलेलं इटालियन जेवणावरचं पुस्तक आलं.

१९६० साली घटस्फोट झाला. १९६३ साली मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून ती वाचली, पण खारट चव कळेनाशी झाली. सुगरणीच्या जिभेवरून मीठच उतरावं! आपल्याकडच्या गृहिणीला यातली शिक्षा समजावून सांगायला नको. पण बाई थांबली नाही. १९६५ साली लंडनमध्ये तिनं स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान काढलं. मालाच्या दर्जावरून भागीदारांशी बिनसलं आणि १९७३ साली ती बाहेर पडली. पाटीवर नाव मात्र तिचंच राहिलं.

याच काळात, १९७० साली, तिनं मसाल्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात दिल्लीचा हिशेबही थोडा चुकता झाला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या चटण्या, आणि एकोणिसाव्या शतकात मद्रासला बसून स्वयंपाकावर लिहिणारा कर्नल केनी-हर्बर्ट, यांना तिनं मानानं जागा दिली. जिथं आपलं मन रमलं नाही, त्या देशाचंही देणं ती विसरली नाही.

२२ मे १९९२ रोजी ती गेली. १९९४ साली तिच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा लंडनला लिलाव झाला. जुनी भांडी, लाकडी डाव, ज्या टेबलाशी ती लिहायची ते टेबल, सगळ्यावर चढाओढीनं बोली लागली. मेसिनाला जप्त झालेल्या वह्यांचा मजकूर मात्र त्याआधी कितीतरी वर्षं घरोघरच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचला होता.